खाशाबांचे कागद

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९२६ साली पैलवानाच्या घरी जन्मले. राजाराम कॉलेजात शिकत ते कुस्ती खेळले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. त्यांनी ब्राँझपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक! स्वागताला शंभरावर बैलगाड्या होत्या. १९८४ साली ते अपघातात गेले.

पदक टिकते. मला ओढ आहे ती कागदांची. मैदानाची पत्रके, वर्गणीच्या पावत्या, कॉलेजचे जुने अंक रद्दीत जातात. त्यांबरोबर आठ आणे देणाऱ्याचे नावही. आमच्या घरी छापील कागद म्हणजे लग्नपत्रिका, म्हणूनही असेल. सातारा-सांगलीकडच्या मित्रांनी माळे धुंडाळून असे काही ग्रंथालयात आणावे. वर्गणीदारांची यादी सापडली तर ती आधी.