निजामाच्या रयतेचे नागरिक कसे झाले : बाबासाहेबांच्या आयुष्यातून संविधान समजून घेताना

१४ एप्रिल, २६ नोव्हेंबर आणि २६ जानेवारी या तिन्ही दिवशी आपल्या वस्त्यांमध्ये संविधानाची उद्देशिका एका सुरात वाचली जाते. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींना कलमांचे क्रमांक तोंडपाठ असतात. पण ही कलमे संविधानात आलीच का, असे विचारले तर बरेच जण गप्प होतात. आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात आहे. त्यांनी जे भोगले आणि ज्यासाठी ते लढले, त्याचे ठसे संविधानाच्या भागाभागांत दिसतात. म्हणून त्यांचे चरित्र आज आम्ही संविधान शेजारी ठेवून सांगत आहोत.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजी आणि भीमाबाई यांच्या पोटी भीमरावांचा जन्म झाला. साताऱ्याच्या शाळेत त्यांना वेगळे बसावे लागे. नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने पाणी दिले तर प्यायचे, शिपाई नसला तर तहान मारायची. पुढे १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले, १९१२ मध्ये बी.ए. झाले आणि १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. पण १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्याला आले तेव्हा एवढ्या शिकलेल्या माणसाला शहरात राहायला जागा मिळाली नाही. माणूस कितीही शिकला तरी समाज त्याला जातीनेच मोजणार असेल, तर नुसती पदवी पुरत नाही हे त्यांना तिथे कळले. धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास मनाई करणारे कलम १५ आणि सरकारी नोकरीत समान संधी देणारे कलम १६ वाचताना सातारा आणि बडोदा आठवले पाहिजेत.

लंडनहून बॅरिस्टर होऊन ते परतले, त्याच १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा सर्वांना खुल्या कराव्यात असा तो ठराव होता. त्याला धरून महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले. हक्क कागदावर आला, पण तळ्यावर जाऊन पाणी पिण्याची सोय झाली नाही. शेवटी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर आपल्या लोकांवर हल्ले झाले, तळ्याचे शुद्धीकरण झाले आणि प्रकरण कोर्टात गेले. डिसेंबरमध्ये कोर्टाचा तात्पुरता मनाईहुकूम आला. बाबासाहेबांनी २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन केले, पण मनाईहुकूम असल्यामुळे तळ्यावर पुन्हा जाण्याचा सत्याग्रह थांबवला. पुढे दहा वर्षे ते कोर्टात लढले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

महाडने त्यांना जे शिकवले ते संविधानाच्या रचनेत सरळ उतरले आहे. दाद मागायची सोय नसेल तर हक्काला किंमत नाही. म्हणूनच तिसऱ्या भागात मूलभूत हक्क देऊन संविधान थांबत नाही. हक्क डावलला गेला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा अधिकार कलम ३२ देते आणि तो अधिकार स्वतःच एक मूलभूत हक्क आहे. कलम २२६ प्रमाणे उच्च न्यायालयातही जाता येते. संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी कलम ३२ ला संविधानाचा आत्मा मानले होते. चवदार तळ्याचा दहा वर्षांचा दावा आठवला की ते तसे का म्हणाले हे समजते.

दुसरा धडा राजकीय सत्तेचा. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी सर्व प्रौढांना मताधिकार मागितला. त्या काळी मालमत्ता आणि शिक्षण पाहून मत दिले जाई, म्हणजे आपल्या बहुतेक लोकांना मतच नव्हते. १९३० पासून गोलमेज परिषदांमध्ये त्यांनी अस्पृश्यांचे वेगळे राजकीय हक्क मांडले. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात स्वतंत्र मतदारसंघ सोडावे लागले आणि राखीव जागा मिळाल्या. संविधानातील कलम ३२६ प्रौढ मताधिकार देते, तर कलम ३३० आणि ३३२ लोकसभेत व विधानसभांत अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखतात. आज उदगीर विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, तो याच तरतुदीमुळे. त्या जागेवरून निवडून येणारा प्रतिनिधी आपले प्रश्न मांडतो की नाही, हे विचारणे मात्र आपले काम आहे.

बाबासाहेब संविधान सभेत सहज पोहोचले नाहीत. १९४६ मध्ये मुंबईतून वाट मिळाली नाही, तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल आणि बंगालमधील सहकाऱ्यांच्या बळावर ते निवडून आले. फाळणीमुळे ती जागा गेली आणि जुलै १९४७ मध्ये ते मुंबई प्रांतातून पुन्हा निवडून आले. २९ ऑगस्ट १९४७ रोजी सात जणांची मसुदा समिती नेमली गेली व बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. बी. एन. राव यांचा पहिला मसुदा आणि एस. एन. मुखर्जी यांचे मसुदा लेखनातील कौशल्य यांचे श्रेय त्यांनी स्वतः सभागृहात दिले. पण समितीतले कोणी राजीनामा दिला, कोणी वारले, कोणी परदेशी गेले, कोणी दिल्लीपासून दूर राहिले. कामाचा भार त्यांच्यावर पडला आणि तब्येत साथ देत नसताना त्यांनी तो पेलला. मसुद्यावर साडेसात हजारांहून अधिक दुरुस्त्या सुचवल्या गेल्या. त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारले गेले, तेव्हा त्यात २२ भाग, ३९५ कलमे आणि ८ अनुसूची होत्या.

या संपूर्ण काळात आपला भाग कुठे होता? उदगीर तेव्हा हैदराबाद संस्थानातल्या बिदर जिल्ह्यात होते. इथली माणसे निजामाची रयत होती. संस्थानातल्या अनुसूचित जातींनी निजामाची बाजू घेऊ नये, असे बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्येच जाहीरपणे बजावले होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला, पण संविधान सभेत हैदराबादच्या जागा रिकाम्याच राहिल्या. २३ नोव्हेंबर १९४९ रोजी निजामाने फर्मान काढून भारताचे संविधान आपल्या राज्याला लागू होईल असे मान्य केले. म्हणजे ज्या सभेत आपल्या भागाचा एकही प्रतिनिधी नव्हता, त्या सभेने आपल्याला नागरिक केले. त्या सभेत आपल्या वतीने कोण बोलत होते, हे वेगळे सांगायला नको.

हा बदल किती मोठा होता हे एका गोष्टीवरून लक्षात येईल. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम मंजूर केले, तेच आजचे कलम १७. २६ जानेवारी १९५० पासून ते जसे मुंबईला तसेच उदगीरलाही लागू झाले. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी उदगीर तालुका मुंबई राज्यात येऊन उस्मानाबाद जिल्ह्याला जोडला गेला. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा. राज्य बदलले, जिल्हा दोनदा बदलला, पण नागरिकत्व बदलले नाही, कारण संविधानाने सगळ्या देशाला एकच नागरिकत्व दिले आहे. केंद्र आणि राज्ये यांच्यात अधिकार वाटलेले आहेत, पण माणसाचे हक्क राज्याच्या सीमेवर संपत नाहीत.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना बाबासाहेबांवर टीका झाली होती की यात खेड्याला स्थान नाही. त्यांनी ठामपणे सांगितले की खेडे म्हणजे जातीयतेचे आणि अज्ञानाचे घर आहे, म्हणून या संविधानाने व्यक्तीला एकक मानले आहे. गावकुसाबाहेर राहिलेल्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मंत्रिमंडळ रोज सभागृहाला उत्तर देईल अशी संसदीय पद्धत, कायदेमंडळ, कार्यपालिका आणि न्यायपालिका यांच्यातील कामाची वाटणी, स्वतंत्र निवडणूक आयोग, ही सगळी रचना त्या एका व्यक्तीवर कोणाचीही मनमानी चालू नये म्हणून आहे.

त्यांना हवे होते ते सगळे मिळाले नाही. १९४७ च्या निवेदनात त्यांनी शेतजमीन आणि मुख्य उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, आणि तेही संविधानातच लिहिलेले असावे, अशी मागणी केली होती. ती मान्य झाली नाही. चौथ्या भागातील मार्गदर्शक तत्त्वांत तिचा काही अंश आहे. कलम ३८ विषमता कमी करायला सांगते, कलम ३९ संपत्ती थोड्यांच्या हाती साठू नये असे सांगते, कलम ४६ दुर्बल घटकांच्या शिक्षणाची जबाबदारी राज्यावर टाकते. पण त्यासाठी कोर्टात जाता येत नाही. म्हणूनच २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी इशारा दिला की राजकारणात समता आणि समाजात विषमता असे फार काळ चालले तर लोकशाहीच धोक्यात येईल. व्यक्तिपूजेपासूनही त्यांनी सावध केले. त्यांच्या जयंतीत नाचणाऱ्या आपणा सर्वांना तो इशारा लागू आहे.

बाबासाहेब बोलून थांबले नाहीत. १९५० मध्येच त्यांनी मराठवाड्यातल्या मुलांसाठी औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. हिंदू कोड बिल अडवले गेले तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. ऑक्टोबर १९५४ मध्ये आकाशवाणीवरून त्यांनी स्पष्ट केले की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे, तर तथागत बुद्धांकडून घेतली. कायदा हक्काचे रक्षण करील, पण बंधुता माणसाच्या मनात रुजावी लागते. १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची धम्मदीक्षा हे त्या दिशेने टाकलेले पाऊल होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

त्यांच्यानंतरही महाडचा धडा मराठवाड्यात पुन्हा गिरवावा लागला. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव मंजूर केला. त्यावर आपल्या वस्त्या जळाल्या, नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांचा खून झाला. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. ठराव आणि अंमल यांच्यामध्ये साडेपंधरा वर्षांचा लढा होता.

१९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संसदेला संविधानात दुरुस्ती करता येईल, पण त्याची मूलभूत चौकट मोडता येणार नाही असे ठरवले. ती चौकट कोर्टात टिकते. गावात आणि शहरात ती टिकवायची तर आपल्यालाच उभे राहावे लागेल. म्हणून आमचे तरुणांना एवढेच सांगणे आहे. ४ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते उदगीरच्या भव्य बुद्ध विहाराचे लोकार्पण झाले. आपल्याकडे विहार आहेत, तिथे वंदनेनंतर आठवड्याला एक कलम वाचा. अॅट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवताना कोणते कलम लागते, शिष्यवृत्ती अडली तर अर्ज कुठे करायचा, ग्रामसभेत प्रश्न कसा मांडायचा, औरंगाबाद खंडपीठात याचिका कशी जाते, हे प्रत्येक वस्तीत किमान दोघांना नीट माहीत असू द्या. चवदार तळ्याच्या निकालासाठी बाबासाहेब दहा वर्षे थांबले, ते कलम ३२ नव्हते म्हणून. आपल्या हातात ते आहे.

जय भीम! जय संविधान!