जी.एं.च्या मागे राहिलेली पानं

लोहाऱ्याच्या आमच्या जुन्या घरात पुस्तकांची एक पत्र्याची पेटी होती. वडील, म्हणजे आमचे दादा, शाळेत मराठी शिकवीत. दिवाळीच्या आधी एसटीनं सोलापूरला जायचं, घरासाठी कापडचोपड घ्यायचं आणि उरलेल्या पैशांत एखादं पुस्तक आणायचं, हा त्यांचा नेम. आई दरवर्षी कुरकुरायची आणि दरवर्षी त्या पुस्तकाला खाकी कव्हर घालून द्यायची. पेटीत सर्वांत वर जी. ए. कुलकर्णी असत.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानं आमचा सारा मुलूख हादरला. जवळचं सास्तूर उद्ध्वस्त झालं. आमच्या घराची एक मातीची भिंत पेटीवर कोसळली. घरातली माणसं वाचली होती, त्यामुळे पेटीची आठवण कोणाला झालीच नाही. काही दिवसांनी दादांनी माती उपसून ती बाहेर काढली. ‘रमलखुणा’च्या पानापानांत माती गेली होती. त्यांनी ती हलकेच झटकली आणि पुस्तक उन्हात ठेवलं.

दादा जाऊन आता दोन वर्षं झाली. पेटी माझ्याकडे आली. तळाशी त्यांच्या हस्ताक्षरातल्या तीन वह्या निघाल्या. हयातीत त्यांनी त्या कोणाला दाखवल्या नव्हत्या, आणि जाळूनही टाकल्या नव्हत्या. वाचाव्यात की नाही, या पेचात मी पडलो. तेव्हा मनात आले ते पुन्हा जी.ए.च. कारण हाच प्रश्न त्यांच्या वाचकांपुढे फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला होता.

गुरुनाथ आबाजी कुलकर्णी यांचा जन्म १० जुलै १९२३ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंबा या गावचा. आईवडिलांचं छत्र लवकर हरपलं. जवळच्या माणसांचे मृत्यू त्यांनी कोवळ्या वयात इतके पाहिले की त्यांच्या कथांतली नियती कुठून आली, हे वेगळं सांगावं लागत नाही. पुढं धारवाडच्या महाविद्यालयात त्यांनी अनेक वर्षं इंग्रजी शिकवलं. लग्न केलं नाही. प्रभावती सोलापूरकर आणि नंदिनी पैठणकर या मावसबहिणींचे ते बाबुआण्णा, आणि तेच त्यांचं घर. सभा-संमेलनं नकोत, सत्कार नकोत. डोळ्यांवर गडद चष्मा. संध्याकाळी क्लबात पत्ते खेळणारा हा माणूस मराठी कथेची वाट बदलतो आहे, हे धारवाडात किती जणांना ठाऊक असेल?

‘निळा सावळा’ हा पहिला संग्रह १९५९ चा. मग ‘पारवा’, ‘हिरवे रावे’, ‘रक्तचंदन’. या कथांतली माणसं आपल्या ओळखीची: पिचलेली, अपमान गिळणारी, गावच्या गल्लीतली. पुढं मात्र जी.ए. गल्ली सोडून निघाले. ‘काजळमाया’तला विदूषक, ‘रमलखुणा’तल्या ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोन दीर्घकथा, ‘पिंगळावेळ’मधला ऑर्फियस: इथं कोणत्याच नकाशावर नसलेले प्रदेश येतात, राजे आणि सेवक येतात, भविष्य सांगणाऱ्या खुणा येतात. मराठीत अद्भुतकथा आधीही होत्या. पण अद्भुताच्या वाटेनं माणसाच्या दुःखाच्या तळाशी जाणं त्यांच्याइतकं क्वचितच कोणाला साधलं.

‘काजळमाया’ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुस्तकाच्या प्रकाशनकाळावरून वाद निघाला, तसा जी.एं.नी तो परत केला. गाजावाजा न करता आपल्या खोलीत परतावं, तसे ते त्या प्रकरणातून बाहेर पडले. अखेरची थोडी वर्षं पुण्यात गेली. ११ डिसेंबर १९८७ रोजी त्यांचं तिथंच निधन झालं.

आणि मग या अबोल माणसाची पुस्तकं एकामागून एक येऊ लागली! ‘माणसे: अरभाट आणि चिल्लर’ १९८८ मध्ये आलं. त्यामागून ‘कुसुमगुंजा’, ‘आकाशफुले’, ‘सोनपावले’. १९९५ पासून निवडक पत्रांचे खंड निघू लागले आणि ते चार झाले. जिवंतपणी स्वतःविषयी जवळपास काहीच न सांगणारा लेखक मरणानंतर हजारो घरांत बोलू लागला.

असं जगात इतरत्रही घडलं आहे. इंग्रजीतले अद्भुतकथाकार टॉल्किन १९७३ मध्ये वारले. आयुष्यभर लिहून अपुरं राहिलेलं ‘सिल्मरिलियन’ त्यांचा मुलगा ख्रिस्तोफर यानं १९७७ मध्ये जुळवून छापलं, आणि पुढं वडिलांच्या कच्च्या खर्ड्यांचे बारा खंड काढले. तिथं पोरानं बापाची कागदपत्रं लावली. जी.एं.च्या बाबतीत हे काम बहिणी, मित्र आणि प्रकाशक यांनी केलं. पण लेखकानं स्वतः छापायला दिलेलं आणि त्याच्यामागे छापलं गेलेलं यांत फरक राहतोच. तो मनात ठेवून वाचावं लागतं.

नव्या वाचकानं कुठून सुरुवात करावी? दादांचा क्रम ठरलेला होता, आणि अनुभवानं तो मलाही पटला आहे. आधी जी.एं.नी स्वतः छापायला दिलेल्या कथा. त्यांतही घरातल्या लहानांसाठी ‘बखर बिम्मची’, मोठ्यांसाठी ‘पिंगळावेळ’मधली ‘कैरी’. त्यानंतर ‘काजळमाया’ आणि ‘रमलखुणा’. मागाहून आलेल्या पुस्तकांत पहिलं ‘माणसे’ घ्यावं. त्यात बालपणीची माणसं भेटतात. पण आठवण कुठं संपते आणि कल्पना कुठं सुरू होते, हे कळू न देणारं ते लेखन आहे. त्याला चरित्राचा पुरावा मानू नये. मग उरलेले संग्रह. ते फुरसतीनं चाळावेत. त्यात सगळंच ‘विदूषक’च्या तोडीचं असेल, अशी अपेक्षा ठेवून त्यांच्यावर अन्याय करू नये.

पत्रं शेवटी. पत्रांत जी.ए. वेगळेच भेटतात: मिस्कील, वाचनानं श्रीमंत, चित्रांवर आणि विक्षिप्त माणसांवर रंगून बोलणारे. पहिल्या खंडात सुनीताबाई देशपांडे यांना लिहिलेली पत्रं आहेत. दोघांच्या प्रत्यक्ष भेटी मोजक्याच. मैत्री वाढली ती टपालानं. पण १९९५ मध्ये आपल्याला एकच आवाज ऐकू आला. सुनीताबाईंची पत्रं ‘प्रिय जी. ए.’ या नावानं आली ती २००३ मध्ये. मधली आठ वर्षं वाचक संवादाची एक बाजू ऐकून दुसरी मनानंच रचत होते. ती पत्रं वाचल्यावर माझे कितीतरी तर्क चुकलेले निघाले! पत्र हे एका माणसानं एका माणसाला लिहिलेलं असतं. तिसऱ्यानं ते वाचताना पायातल्या वहाणा बाहेर काढून ठेवाव्यात.

दादांनी पहिला खंड आणला, पण तो बरेच दिवस उघडलाच नाही. जी.एं.नी दार लावून घेतलं होतं, ते आपण कसं ढकलायचं, असं त्यांना वाटे. शेवटी एका उन्हाळ्यात त्यांनी तो वाचायला घेतला. वाचून झाल्यावर आईला म्हणाले की हा माणूस आपल्याला वाटत होता तितका एकटा नव्हता. त्या दिवशी ते फार समाधानी दिसले.

ते आठवलं आणि मी वह्या उघडल्या. पहिली वही शाळेतल्या टिपणांची होती. दुसरीत भूकंपानंतरच्या दिवसांचे घरखर्चाचे हिशेब निघाले, आणि त्यांच्यामध्ये कुठं कुठं आमच्याविषयी चार-दोन ओळी. तिसरीवर त्यांनी आईचं नाव लिहिलं होतं. ती मी न वाचता तिच्या हाती दिली. आईनं चष्मा लावला, वही मांडीवर घेतली आणि मला चहा टाकायला सांगितला.