वाळलेल्या बुरशीचं ‘पुस्तक’ काढणाऱ्या मारी-अ‍ॅन लिबेर कोण होत्या?

पुस्तक उघडावं आणि पानावर चित्राऐवजी खरीखुरी वाळलेली बुरशी चिकटवलेली दिसावी! 19व्या शतकात अशी ‘पुस्तकं’ खरंच निघायची. त्यातलंच एक मारी-अ‍ॅन लिबेर यांचं.

लॅटिन स्वतःच शिकल्या

लिबेर यांचा जन्म 1782 मध्ये माल्मेडीचा. आर्डेनच्या डोंगराळ भागातलं हे गाव आज बेल्जियममध्ये आहे. 13 भावंडांत त्या बाराव्या. वडिलांचा कातडी कमावण्याचा धंदा होता. मुलीची हुशारी पाहून त्यांनी तिला जर्मन आणि व्हायोलिन शिकायला प्रूमला पाठवलं.

लिबेर यांना रानात भटकायची आवड होती. पण वनस्पतींवरची पुस्तकं लॅटिनमध्ये. मग त्या लॅटिन स्वतःच शिकल्या. पुढे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल यांनी त्यांना अपुष्प वनस्पतींचा अभ्यास करायचा सल्ला दिला. म्हणजे शेवाळ, बुरशी आणि आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलासारखी लायकेन.

चित्र का नाही चाललं?

बुरशीच्या दोन जाती चित्रात सारख्याच दिसू शकतात. नमुना हाती असेल तर कुणीही तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासून चूक दाखवू शकतो. म्हणून अभ्यासक वाळलेल्या नमुन्यांचे संच करून, छापील नावांसह वाटायचे. लिबेर यांनी 1830 ते 1837 दरम्यान आर्डेनमधल्या नमुन्यांचे असे 4 भाग काढले. प्रत्येकात 100 नमुने.

बटाट्यावरचं संकट

1845 मध्ये युरोपात बटाट्याची शेतं काळी पडली. आयर्लंडमध्ये पुढच्या दुष्काळात सुमारे 10 लाख लोक दगावले. दोष हवामानाचा, असं अनेक जाणकार म्हणत होते. रोगट बटाट्यावरच्या बुरशीसारख्या जिवाचं शास्त्रीय वर्णन करणाऱ्या पहिल्या काही अभ्यासकांमध्ये लिबेर होत्या. तोच रोगाचं कारण असल्याचं पुढे सिद्ध झालं. आज त्याला फायटोफ्थोरा म्हणतात. ढगाळ, दमट हवेत आपल्याकडेही बटाट्यावर येणारा उशिराचा करपा तो हाच.

लिबेर 1865 मध्ये वारल्या. ‘लिबर्टिया’ या फुलझाडाला त्यांचंच नाव आहे.

आज याचा काय उपयोग?

2013 मध्ये शास्त्रज्ञांनी 19व्या शतकातल्या, इतर संग्रहांत जपलेल्या वाळक्या पानांमधून डीएनए काढला आणि आयरिश दुष्काळामागचा करप्याचा नेमका प्रकार ओळखला. कुणीतरी ती रोगट पानं फेकून न देता जपली होती, म्हणूनच हे शक्य झालं.