रविवारची सुट्टी मिळवून देणाऱ्या लोखंडेंची एक मागणी मात्र ३९ वर्षं लटकली

दर १० जूनला व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतो. रविवारची सुट्टी इंग्रजांनी नाही, नारायण मेघाजी लोखंडेंनी मिळवून दिली. बरोबरच आहे ते. पण लोखंडेंनी रविवारसोबत आणखी एक गोष्ट मागितली होती, तिचा मेसेज कुणी बनवत नाही.

लोखंडेंचा जन्म १८४८ सालचा, ठाण्यातला. मूळ गाव पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातलं कन्हेरसर. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. आधी रेल्वेत, मग टपाल खात्यात नोकरी केली आणि पुढे मुंबईत मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर झाले. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते. बंद पडलेलं 'दीनबंधु' १८८० मध्ये त्यांनी मुंबईत पुन्हा सुरू केलं आणि त्यातून गिरणी कामगारांचे हाल मांडायला लागले.

हाल म्हणजे काय, तर गिरणीत एकच मोठं वाफेचं इंजिन असायचं. त्याच्या जोरावर छताजवळचा दांडा फिरायचा आणि तिथून चामड्याचे पट्टे खाली प्रत्येक साच्यापर्यंत यायचे. एखाद्याचं धोतर किंवा हात पट्ट्यात गेला, तरी त्या एका माणसासाठी इंजिन झटक्यात थांबत नसे. त्यात सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम. दमलेल्या माणसाचा हात चुकणारच.

१८८१ मध्ये पहिला फॅक्टरी कायदा आला. ७ वर्षांखालच्या मुलांना कामाला बंदी, ७ ते १२ वयाच्या मुलांना ९ तास आणि धोकादायक यंत्रांना कठडा, एवढं त्यात होतं. मोठ्या माणसांच्या तासांना मर्यादा नव्हती. कठडा असूनही हात गेलाच तर पुढे काय, यावर कायदा गप्प. घर कसं चालवायचं ते कामगाराने बघायचं.

१८८४ मध्ये सरकारने फॅक्टरी कमिशन नेमलं. लोखंडेंनी संधी साधली. सप्टेंबरमध्ये परळला कामगारांच्या सभा घेतल्या, ५,५०० सह्यांचं निवेदन तयार केलं. बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनची सुरुवात इथलीच. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत पगार, या चार मागण्या होत्या.

पाचवी मागणी जखमींची. कामावर जबर मार लागला तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्या, आणि कायमचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची सोय करा. चूक कुणाची, हा प्रश्नच त्यात नव्हता. ज्या काळी पगारसुद्धा वेळेवर मिळत नव्हता, त्या काळी हे मागायला भलतीच हिंमत लागत असणार.

कायदा लगेच बदलला नाही. लोखंडेही थांबले नाहीत. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे १०,००० कामगार जमले, दोन कामगार बायकांनी भाषणं केली. १० जूनला गिरणी मालकांनी रविवार मान्य केला. त्याच वर्षीच्या फॅक्टरी कमिशनवर कामगारांची बाजू मांडायला लोखंडे होते. १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि अर्ध्या तासाची विश्रांती आली. भरपाई नाहीच आली.

पुढे मुंबईत प्लेग पसरला. लोखंडे रुग्णांची सेवा करत राहिले आणि ९ फेब्रुवारी १८९७ ला प्लेगनेच गेले. वय जेमतेम पन्नाशीच्या आत.

जखमी कामगाराला भरपाई देणारा कायदा झाला १९२३ मध्ये, लागू झाला १ जुलै १९२४ पासून. मालकाची चूक सिद्ध करायची गरज त्यात उरली नाही. पण काही दिवस कामाला मुकलेल्या जखमीला पहिले १० दिवस काहीच नाही, आणि त्यानंतर जास्तीत जास्त निम्मा पगार. लोखंडेंनी १८८४ मध्ये पूर्ण मागितला होता.