डॉ. रखमाबाई : औषधाआधी विश्वास

सुरतमधील मोरारभाई व्रजभूखणदास यांच्या नावाच्या स्त्रियांच्या इस्पितळाची सूत्रे १८९५ मध्ये एका मराठी स्त्री डॉक्टरने हाती घेतली. औषधे होती, विलायतेत शिकलेली डॉक्टरही होती; मात्र शहरातील बायका इस्पितळाची पायरी चढायला धजत नव्हत्या. घराबाहेर बाळंत होणे अशुभ, परक्या जागी गेलेली बाई परत येत नाही, अशी समजूत घरोघरी रुजलेली होती. त्या डॉक्टर म्हणजे रखमाबाई.

बायकांची ही भीती घालवण्यासाठी त्यांनी एका गाभण शेळीचे बाळंतपण इस्पितळातच केले, अशी आठवण सांगितली जाते. शेळी आणि करडू दोन्ही सुखरूप असल्याचे बायकांनी डोळ्यांनी पाहिले आणि हळूहळू त्या येऊ लागल्या. आजाऱ्याला आधी समजावून सांगावे, उपचार त्यानंतर करावेत, हे रखमाबाईंनी ओळखले होते.

ही जाण त्यांना स्वतःच्या आयुष्याने दिली होती. २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. वडील जनार्दन पांडुरंग लवकर वारले. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावून देण्यात आले. पण त्या माहेरीच राहिल्या आणि सावत्र वडिलांच्या आधाराने शिकत राहिल्या. पुढे दादाजींनी त्यांना नांदायला आणण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. अपिलानंतर मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी मात्र पतीकडे जावे अन्यथा सहा महिने तुरुंगवास भोगावा, असा निकाल दिला. रखमाबाईंनी तुरुंगवास पत्करण्याची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. संमतिवयाच्या १८९१ च्या कायद्यामागील चर्चेत या खटल्याचा वाटा मोठा होता.

कामा इस्पितळाच्या डॉ. एडिथ पीची यांच्या पाठबळाने त्या १८८९ मध्ये विलायतेला गेल्या. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले आणि १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. मायदेशी वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या पहिल्या काही भारतीय स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते.

सुरतेत त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ काढला. १८९६ मध्ये मुंबईत उद्भवलेला प्लेग लवकरच सुरतेतही पोहोचला. इलाख्यात ठिकठिकाणी लोक रोगाइतकेच इस्पितळालाही भीत असताना रखमाबाई रुग्णसेवा करीत राहिल्या. पुढे त्यांना कैसर-ए-हिंद पदक मिळाले.

त्यानंतर राजकोटच्या स्त्रियांच्या इस्पितळाची धुरा त्यांनी वाहिली. निवृत्तीच्या सुमारास, १९२९ मध्ये, त्यांनी पडदा पद्धत का संपली पाहिजे, यावर लेख लिहिला. हा प्रश्न सामाजिक होता, तसाच आरोग्याचाही होता. डॉ. आर्थर लँकेस्टर यांनी १९२० च्या आपल्या क्षयरोगविषयक ग्रंथात पडद्यातील कोंदट, उजेडहीन जीवनाचा संबंध स्त्रियांमधील क्षयाशी जोडला होता. फुफ्फुसांना हवा हवी. त्यासाठी आधी दार उघडावे लागते.

२५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, फुफ्फुसाच्या कर्करोगाने रखमाबाईंचे निधन झाले.

आज दमा किंवा सीओपीडी असलेल्या रुग्णाशेजारी बसून परिचारिका इन्हेलर कसा ओढावा, ओठ आवळून श्वास कसा सोडावा, धाप वाढण्याची चिन्हे कशी ओळखावीत आणि चुलीच्या व तंबाखूच्या धुरापासून दूर कसे राहावे, हे शिकवते. हा आजार जन्मभर सोबत राहतो. डॉक्टर मात्र महिन्यातून एखाद्या वेळी भेटतो. उरलेले दिवस रुग्णाला स्वतःच स्वतःची काळजी घ्यावी लागते. त्याला तेवढे शहाणे करायचे, तर आधी त्याची भीती समजून घ्यावी लागते. सव्वाशे वर्षांपूर्वी सुरतच्या त्या इस्पितळात रखमाबाईंनी कामाची सुरुवात तिथूनच केली होती.