थायरॉइडचे काम जगाला कसे कळले? वाचा सर्जन कोखर यांच्याविषयी

गळ्यात श्वासनलिकेपुढे असलेली फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी नेमके काय करते, हे १८७०च्या दशकात डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. स्वित्झर्लंडमध्ये तेव्हा गलगंडाचे रुग्ण खूप होते. बर्न शहरातील सर्जन थिओडोर कोखर (१८४१-१९१७) अनेकदा अख्खी ग्रंथीच काढून टाकत. जखम भरायची, रुग्ण घरी जायचा. मात्र, काही वर्षांनी जुन्या रुग्णांना पुन्हा बोलावून तपासले, तेव्हा अनेक जण सुस्त आणि सुजलेले दिसले. मुलांची वाढ खुंटली होती. १८८३ मध्ये कोखर यांनी आपल्याच शस्त्रक्रियांचा हा दुष्परिणाम जाहीर केला. पुढे ते ग्रंथीचा काही भाग शिल्लक ठेवू लागले. थायरॉइडवरील कामासाठी १९०९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. आज पूर्ण ग्रंथी काढलेल्या रुग्णाला रोज हार्मोनची गोळी देतात, ती याच कारणाने.