इंद्रलाल राय : दोनदा घडलेला वैमानिक

परप्रांतात राहणाऱ्या आम्हा मराठी कुटुंबांना आपल्याकडील थोर पुरुषांच्या गोष्टी मुलांना सांगण्याची हौस असते, आणि ती योग्यच आहे. परंतु ज्या नगरीने आम्हांला आश्रय दिला, तिचे वीरही आमचेच होत. कोलकात्याच्या भवानीपूर भागात इंद्रलाल राय यांच्या नावाचा एक रस्ता आहे. हे राय कोण, हे आमच्या मुलांना ठाऊक असावे, एवढ्यासाठीच हा अल्प परिचय.

इंद्रलाल यांचा जन्म २ डिसेंबर १८९८ रोजी कलकत्त्यात झाला. वडील बॅरिस्टर. मातोश्री ललिता राय यांनी मुलांना शिक्षणासाठी इंग्लंडात नेले आणि तेथील स्त्री-मताधिकाराच्या चळवळीतही भाग घेतला. बंधू परेशलाल पुढे भारतीय मुष्टियुद्धाचे प्रवर्तक म्हणून नावाजले. इंद्रलाल लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत शिकत असताना महायुद्ध पेटले. विमानविद्या तेव्हा जेमतेम दहा-बारा वर्षांची होती. या मुलाला तिचाच ध्यास लागला.

पहिली अडचण दारातच आली. दृष्टी अधू असल्याचे सांगून वैद्यकीय तपासणीत त्यांना नाकारण्यात आले. तेव्हा या तरुणाने आपली मोटारसायकल विकली, त्या पैशातून एका नामांकित नेत्रतज्ज्ञाकडून डोळे पुन्हा तपासून घेतले आणि पहिला निर्णय फिरविला. एप्रिल १९१७ मध्ये ते रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये दाखल झाले. ५ जुलै रोजी त्यांना सेकंड लेफ्टनंटची सनद मिळाली. त्या काळी भारतीयाला अधिकारपद मिळणे अत्यंत दुर्मिळ होते. त्या दलात वैमानिक झालेले भारतीय एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांत हरदितसिंग मलिक होते, तसेच मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकरही होते. वेलिंगकर १९१८ च्या जूनअखेर याच युद्धात कामी आले.

वैमानिकाचे शिक्षण तेव्हा टप्प्याटप्प्याने चाले. प्रथम वर्गात इंजिनाची रचना, नकाशावाचन, तारायंत्राची सांकेतिक लिपी आणि मशीनगन उघडून पुन्हा जोडणे शिकावे लागे. मग शिक्षकासह उड्डाण, आणि थोड्याच तासांनंतर एकट्याने. या शिक्षणातच अनेक तरुण प्राणांस मुकले. विमानातून उडी घेण्यास पॅराशूटही नव्हते. इंद्रलाल यांनी फ्रान्समधील व्हँदोम येथे उड्डाणाचे आणि स्कॉटलंडमधील टर्नबेरी येथे हवाई गोळीबाराचे शिक्षण घेतले. ३० ऑक्टोबर १९१७ रोजी ते आघाडीवरील ख्यातनाम ५६ व्या स्क्वाड्रनमध्ये रुजू झाले.

तेथील एस. ई. ५ ए हे एकासनी लढाऊ विमान एकट्यानेच सांभाळायचे. एक मशीनगन फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून गोळ्या झाडी, दुसरी वरच्या पंखावर बसविलेली असे. उडवणे, नेम धरणे आणि पाठीमागे लक्ष ठेवणे, सारे एकाच वेळी. ६ डिसेंबर रोजी उतरताना इंद्रलाल यांचे विमान कोसळले. त्यांना मृत समजून शवागारात ठेवले आणि शुद्धीवर येताच त्यांनी आतून दार ठोठावले, अशी कथा सांगितली जाते. घाव मात्र गंभीर होते आणि डॉक्टरांनी उड्डाणास अपात्र ठरविले.

आमच्या मते खरे चरित्र येथून सुरू होते. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी विमानांची असंख्य रेखाचित्रे काढली. त्यांतील कित्येक आजही जपलेली आहेत. बरे झाल्यावर त्यांनी वरिष्ठांचे मन वळविले आणि पुन्हा पात्रता मिळविली. जून १९१८ मध्ये ते ४० व्या स्क्वाड्रनमध्ये कॅप्टन जॉर्ज मॅकेलरॉय यांच्या हाताखाली आले. मॅकेलरॉय स्वतः मिक मॅनॉक या निष्णात वैमानिकाच्या तालमीत तयार झालेले. अशा गुरुपरंपरेत या विद्यार्थ्याचे दुसरे शिक्षण झाले.

त्याचे फळ विलक्षण होते. ६ जुलै रोजी पहिले जर्मन विमान पडले; ८ जुलैला चार तासांच्या आत तीन. १९ जुलैपर्यंतच्या अवघ्या चौदा दिवसांत त्यांच्या नावावर दहा विजय जमा झाले, त्यांपैकी दोन सहकाऱ्यांसमवेत. पाच वा अधिक विमाने पाडणाऱ्यास एस म्हणतात. इंद्रलाल हे पहिले भारतीय एस ठरले. त्यांचे एकूण उड्डाण सुमारे १७० तासांचे होते.

२२ जुलै १९१८ रोजी फ्रान्समधील कार्व्हँच्या आकाशात जर्मन फोकर विमानांशी झुंजताना त्यांना वीरमरण आले. वय अवघे एकोणीस. चारच दिवसांनी, २६ जुलैला मॅनॉक पडले आणि ३१ जुलैला मॅकेलरॉय. दहा दिवसांत गुरू, शिष्य आणि प्रशिष्य तिघेही गेले. सप्टेंबरात इंद्रलाल यांना मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस जाहीर झाला. हा सन्मान मिळविणारे ते पहिले भारतीय.

फ्रान्समधील एस्तेव्हेल गावच्या स्मशानभूमीत ते विसावले आहेत. समाधीवरील लेख फ्रेंचबरोबरच बंगालीतही आहे. मायभूमीपासून हजारो मैलांवर मायबोलीची ती अक्षरे कोरलेली आहेत, हे वाचून घरापासून दूर राहणाऱ्या आम्हांस विशेष गहिवर येतो. भारतीय टपाल खात्याने १९९८ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त, तिकीट काढले.

त्या चौदा दिवसांचा पराक्रम साऱ्यांच्या डोळ्यांत भरतो. आम्हांस मात्र त्याआधीचे सहा महिने अधिक मोलाचे वाटतात. एकदा नापास ठरल्यावर पुन्हा विद्यार्थी होण्याचे धैर्य त्या काळात दिसले. आमच्या मुलांनी भवानीपुरातील त्या रस्त्यावरून जाताना हेही स्मरावे.